पाण्याच्या पायऱ्या

बडोद्याजवळ गोत्रीहून सेवासीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोळाव्या शतकात बांधलेली विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, आणि त्याच टापूत नर्मदेच्या पाण्याचा काँक्रीटने अस्तरलेला कालवाही वाहतो. वावेत माणूस पाण्यासाठी खाली उतरतो. उन्हाळा जसजसा चढेल तसतसे पाणी आणखी एक मजला खाली जाते आणि उतरणाऱ्याच्या वाट्याला आणखी काही पायऱ्या येतात. पर्जन्यकाळ आला की तेच पाणी पायऱ्या गिळीत त्याच्या भेटीस वर येते. कालव्याची तऱ्हा याच्या उलट आहे. तेथे पाणीच माणसाच्या दारी येते. सरदार सरोवरापासून राजस्थानच्या सरहद्दीपर्यंत ४५८ किलोमीटर जाणारा नर्मदेचा मुख्य कालवा वाटेतली मही नदीदेखील पुलावरून ओलांडून जातो, आणि हा सारा प्रवास तो केवळ उताराच्या आधाराने करतो. पाणी आडवे राहू इच्छिते आणि जमीन मात्र कोठेच आडवी नसते, या एका विसंगतीतून जगातील यच्चयावत घाट, वाव, बंधारे, पाट आणि कालवे निर्माण झाले आहेत, असे या दोन बांधकामांच्या दरम्यान आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या माझ्यासारख्या बडोदेकरास वाटत आले, तर त्यात नवल नाही.

या विसंगतीवर मनुष्याने योजलेला तिसरा उपाय मात्र मला येथे पाहावयास मिळाला नाही. त्यासाठी मला कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात जावे लागले, जेथे माझ्या कन्येचा संसार आहे. तेथे मी समुद्रावरून आलेली प्रचंड मालवाहू जहाजे डोंगराचा कडा चढताना पाहिली. हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्या भूमीची रचना प्रथम सांगितली पाहिजे.

उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागात सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही पाच महासरोवरे एकमेकांस जोडलेली आहेत, आणि त्यांचे पाणी अखेर सेंट लॉरेन्स नदीच्या वाटेने अटलांटिक महासागरास मिळते. यांपैकी ईरी आणि ऑन्टॅरिओ या दोन सरोवरांच्या मधोमध एक पाषाणाचा कडा आडवा पसरलेला आहे, आणि त्यामुळे ईरीची पातळी ऑन्टॅरिओहून सुमारे १०० मीटरने उंच आहे. नायगारा नदी या उंचीपैकी निम्मी उंची एकाच उडीत उतरते, आणि ती उडी पाहावयास अवघे जग लोटते. त्या धबधब्यापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत वेलँड नावाचा कालवा आहे. त्याची लांबी अवघी ४३ किलोमीटर, आणि तोच कडा त्याच दोन सरोवरांच्या दरम्यान तो आठ जलपाशांच्या, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी कोंडणाऱ्या हौदांच्या, साहाय्याने ओलांडतो. त्यांतील पहिले सात जहाजास प्रत्येकी सुमारे १४ मीटर वर उचलतात, आणि ईरीच्या तोंडाशी असलेला आठवा केवळ त्या सरोवराच्या बदलत्या पातळीशी मेळ घालण्यापुरता आहे. धबधबा पाहून मी दिपून गेलो, यात संशय नाही. परंतु कन्येच्या घरी राहण्याची मुदत संपत आली तेव्हा पुन्हा जाण्याची इच्छा झाली ती कालव्यावर. धबधब्यापाशी निसर्ग जे करून टाकतो ते पाहून मनुष्य केवळ स्तब्ध होऊ शकतो. कालव्यापाशी मात्र तोच निसर्ग, त्याच कड्यावर, त्याच पाण्याने, मनुष्याशी काही करारमदार करून वागताना दिसतो, आणि त्या कराराची कलमे उघड्या डोळ्यांनी वाचता येतात.

हा करार एका दिवसात झालेला नाही. ट्वेल्व्ह माइल क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी विल्यम हॅमिल्टन मेरिट नावाच्या गृहस्थाच्या गिरण्या होत्या, आणि उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी आटून त्या गिरण्या बंद पडत. तेव्हा कड्याच्या वरच्या अंगाचे पाणी ओढ्यात आणावे, आणि आणावयाचेच तर त्याच वाटेने गलबतेही न्यावी, अशी कल्पना त्याने काढली. १८२४ साली त्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि १८२९ च्या नोव्हेंबरात पहिली शिडाची गलबते त्या वाटेने गेली. त्या पहिल्या कालव्यास लाकडी दारांचे ४० जलपाश होते. पुढे १८४५ साली दगडी बांधणीचा दुसरा कालवा झाला, त्यास २७ पुरले. १८८७ च्या तिसऱ्यास २६. आणि १९१३ साली आरंभलेला, महायुद्धामुळे काही काळ थांबलेला आणि १९३२ साली खुला झालेला जो चौथा कालवा आज वापरात आहे, त्यास अवघे आठ. कडा तोच आणि चढही तोच, पण पायऱ्या कमी होत गेल्या आणि एकेक पायरी उंच होत गेली. या उंचीचे मोल पैशात मोजलेले सर्वांस ठाऊक असते; जिवांत मोजलेले नसते. चौथ्या कालव्याच्या बांधणीत सव्वाशेहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले, आणि १९२८ साली सहाव्या जलपाशाचे एक अजस्र दार कोसळले त्या एकाच अपघातात दहा माणसे गेली. त्यांचे स्मारक व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. तिसऱ्या जलपाशाजवळ ते आता उभे आहे, आणि जहाजे पाहण्यासाठी येणाऱ्याने प्रथम तेथे घटकाभर उभे राहावे असे मला मनापासून वाटते. आपल्याकडेही मोठमोठ्या धरणांवर आणि गोद्यांवर मजूर मेले आहेत. त्यांच्या नावांचे दफ्तर कोणी राखलेच असेल तर ते कोणत्या खात्याच्या कोणत्या कपाटात आहे, हे विचारावयास कोणी जात नाही.

तिसरा जलपाश सेंट कॅथरिन्स या गावी आहे. त्याच्या शेजारी गावाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि त्यास लागून प्रेक्षकांसाठी एक उंच सज्जा उभारलेला आहे. त्या दिवशी येणाऱ्या जहाजांची नावे आणि येण्याच्या अंदाजी वेळा तेथे लावलेल्या असतात. सज्जावर उभे राहिले असता खाली एक लांबच लांब काँक्रीटचा हौद दिसतो. जहाजास वापरण्याजोगी त्याची लांबी २३३ मीटर आणि रुंदी २४ मीटरांहून किंचित अधिक आहे. उत्तरेकडून, ऑन्टॅरिओ सरोवराकडून, जहाज यावयाचे असले म्हणजे हौद अगोदरच रिकामा करून ठेवलेला असतो. अगदी कोरडा नव्हे, पण त्याच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंती कितीतरी खोलवर उघड्या पडलेल्या असतात आणि पाणी तळाशी काळेशार दिसते.

मग जहाज दिसू लागते. ते दुरून येत असते तेव्हा सपाट शेतांच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांच्या त्या प्रदेशात झाडांच्या शेंड्यांवरून एक पांढरी इमारत सरकत यावी तसा त्याच्या पिछाडीचा मनोरा दिसतो, आणि जहाजाचे अंग पुष्कळ वेळ दिसतच नाही. जवळ आल्यावर कळते की ते चालत आहे, पण किती मंद! पायी चालणारा मनुष्य त्याच्या पुढे निघून जाईल. या मंदपणाचे कारण त्याच्या रुंदीत आहे. या मार्गावर येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या जहाजाची रुंदी २३.८ मीटर असते, म्हणजे भिंत आणि जहाज यांच्यात दोन्ही बाजूंस जेमतेम वीतभराहून थोडे अधिक अंतर उरते, आणि पिचकारीत दट्ट्या शिरावा तसे ते हौदात शिरत असता आतल्या पाण्याला त्याच्या अंगाखालून आणि बाजूंनी मागे बाहेर जावे लागते. म्हणून येथे घाई करणे शक्य नसते. महासागरात दिवसरात्र लाटा कापीत आलेले, कित्येक हजार टन पोलाद किंवा साखर पोटात घेतलेले ते जहाज येथे एकेक हात पुढे सरकते, आणि त्याच्या डेकवरचे खलाशी भिंतीकडे अशा एकाग्रतेने पाहत उभे असतात की जणू भिंतच हलत आहे. दाराच्या अलीकडे एक जाड तारेचा अडसर आडवा टाकलेला असतो. जहाज वेळेवर थांबले नाही तर दाराऐवजी त्याने त्या अडसरावर धडकावे, अशी ही तजवीज. पूर्वी दोरखंड भिंतीवरच्या खुंट्यांना बांधीत; अलीकडे भिंतीत बसविलेली निर्वात यंत्रे जहाजाच्या पत्र्यास चिकटून त्यास धरून ठेवतात.

मागचे दार बंद होते, आणि थोडा वेळ काहीच घडत नाही असे वाटते. जहाज कसलाच आवाज न करता वर येऊ लागलेले असते, पण ते ध्यानात येण्यास एखादी खूण धरून पाहावे लागते. मी समोरच्या भिंतीवरचा एक डाग धरला होता. तो बुडाला, त्याच्या वरचा बुडाला, आणि मग एकाएकी जाणवले की मघाशी ज्या खलाशाच्या शिरस्त्राणाचा माथा आपण वरून पाहत होतो, तो आता आपल्याच डोळ्यांच्या पातळीवर उभा आहे आणि आपल्याकडे पाहून हात हालवीत आहे. दहा-अकरा मिनिटांत १४ मीटर. जेथे मघाशी खंदक होता तेथे आता तांबड्या-काळ्या पत्र्याची एक उत्तुंग भिंत उभी राहून तिने पलीकडचे आकाश झाकून टाकलेले असते. समुद्रकाठच्या माणसासही जहाज इतक्या जवळून दिसत नाही. बंदरात ते एक तर दूर नांगरलेले असते, नाहीतर धक्क्याला लागलेले आणि कुंपणाआड. येथे त्याच्या पत्र्यावरच्या सांधणीच्या रेषा, गंजाचे ओघळ, किती खोल बुडाले आहे ते सांगणारे पांढरे आकडे, आणि कोण्या दूरच्या बंदरात घासटल्याचे ओरखडे, सारे वाचता येते.

माझा नातू त्या दिवशी बरोबर होता. त्याने सारे पाहून झाल्यावर मला विचारले, “आबा, पंप कुठे आहे?”

प्रश्न बिनतोड होता, कारण पंप कोठेच नाही. वरच्या सरोवराचे पाणी भिंतींच्या पोटातून नेलेल्या बोगद्यांवाटे हौदाच्या तळाशी सोडले जाते आणि ते आपली पातळी गाठण्यासाठी आपण होऊन चढते. खाली आणावयाचे असल्यास तेच पाणी खालच्या अंगास सोडून दिले जाते. एका वेळच्या चढास सुमारे नऊ कोटी लिटर पाणी लागते. यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर माझा प्रथम विश्वास बसला नाही आणि मी कागदावर आकडेमोड करून पाहिली: पंचवीस हजार टन गहू भरलेले जहाज वर चढवावयास जेवढे पाणी लागते तेवढेच एखाद्या कोळ्याच्या रिकाम्या होडीस लागते. कारण भरावयाची असते ती हौदाची उंची, आणि जहाज आपल्या वजनाइतके पाणी पूर्वीच बाजूस सारून बसलेले असते. या हिशेबात भाराला स्थानच नाही. जड आणि हलके हा भेद जमिनीवर आपल्याला आयुष्यभर पिळून काढतो. त्या हौदात तो भेद संपूर्ण नाहीसा झालेला पाहताना मला जो आनंद झाला, तो चांगल्या गणिताचा असतो तसाच निर्मळ होता.

दुसरी गोष्ट दारांची. ही दारे दोन फळ्यांची असून मिटली असता सरळ रेषेत येत नाहीत. त्यांचा कोन वरच्या पाण्याच्या दिशेने पुढे आलेला असतो, त्यामुळे वरचे पाणी जितक्या जोराने रेटते तितक्या त्या फळ्या एकमेकींत घट्ट बसतात. अशा दारांच्या योजनेचे श्रेय मिलान शहराच्या कालव्यांवर काम केलेल्या लिओनार्डो दा विंचीला देतात. दाराच्या दोन अंगांच्या पाण्यात अल्पसाही फरक असेल तोवर ते दार उघडणे व्यवहारतः अशक्य आहे, आणि फरक नाहीसा झाला की एवढे अवजड दार माफक शक्तीने बाजूस होते. बळाने उघडण्याची येथे सोयच ठेवलेली नाही. अगोदर दोन्ही पाणी समान व्हावयाचे, मग वाट. माणसामाणसांतील, जातीजातींतील, राजा आणि रयत यांच्यातील किती दारे आपण याच्या अगदी उलट रीतीने उघडू पाहिली, हा विचार त्या सज्जावर मनात येऊन गेला, आणि तो अप्रस्तुत होता असे मला अजूनही वाटत नाही.

खुद्द जलपाशाच्या युक्तीचा मूळ पुरुष मात्र युरोपातला नव्हता. इ.स. ९८४ च्या सुमारास चीनमध्ये छियाव वेइयुए नावाचा एक सरकारी अमलदार महाकालव्यावरील वाहतुकीची देखरेख करीत असे. साऱ्याचे धान्य घेऊन राजधानीकडे जाणारे पडाव तेव्हा उतरणीच्या फरसबंद बांधांवरून दोरांनी ओढून वर घ्यावे लागत. त्यात पडाव मोडत, आणि मोडलेल्या पडावांतले सरकारी धान्य काठावरचे चोर लांबवीत. या चोरीस आळा घालण्यासाठी त्याने दोन दारे काही अंतरावर बसवून मध्ये पाणी कोंडण्याची व्यवस्था केली. महसुलाच्या अफरातफरीतून असे सुंदर यंत्र जन्मास आले, ही गोष्ट मला फार प्रिय आहे. कारभारातील एक क्षुल्लक वाटणारी कटकट मनापासून सोडवू जाणारा अमलदार मनुष्यजातीस केवढे देणे देऊन जातो! आमच्या बडोद्यास अशा अमलदारांची परंपरा होती, म्हणूनही ते नाव मी ध्यानात ठेवले आहे.

तिसऱ्या जलपाशातून निघालेले जहाज पुढे थोरोल्डला जाते, आणि तेथे या कालव्याचा सर्वांत अवघड भाग आहे. चौथा, पाचवा आणि सहावा हे जलपाश एकास एक लागून आहेत. एकाचे वरचे दार तेच दुसऱ्याचे खालचे दार. शिवाय तेथे अशा तिघांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे एका अंगाने एक जहाज चढत असता दुसऱ्या अंगाने दुसरे उतरत असते. चढणारे दक्षिणेकडे तोंड करून चढते, हे आपल्या नकाशाच्या सवयीस विचित्र वाटते. सबंध कालवा ओलांडण्यास अर्ध्या दिवसाच्या आसपास वेळ लागतो. मग ईरी, मग ह्यूरॉन, मग सू येथील आणखी एक जलपाश, आणि अखेर सुपीरिअर. समुद्रसपाटीपासून १८३ मीटर उंचीवर, अटलांटिकपासून सुमारे ३,७०० किलोमीटर आत, डुलुथ नावाच्या बंदरात ही समुद्रावरची जहाजे गहू भरावयास येतात. माँट्रिअलपासून तेथवर १६ जलपाश लागतात. १९५९ साली सेंट लॉरेन्सचा जलमार्ग पूर्ण होऊन खुला झाला तेव्हापासून ही वाट मोठ्या जहाजांस मोकळी झाली. सरोवरांतच जन्म काढणाऱ्या जहाजांस तेथील लोक ‘लेकर’ म्हणतात, आणि समुद्रावरून येणाऱ्यांस ‘सॉल्टी’, म्हणजे खारट. सज्जावर वह्या घेऊन बसलेली वृद्ध मंडळी असतात. ती सॉल्टी आला की त्याच्या पिछाडीवर लिहिलेले नोंदणीचे बंदर उतरून घेतात: मोनरोव्हिया, माजुरो, नासाउ, लिमासोल. डिसेंबर-जानेवारीत सारे गोठू लागले की कालवा बंद होतो, जलपाश उपसून त्यांची डागडुजी होते. आणि मार्चमध्ये पहिले जहाज आले की त्याच्या कप्तानास एक जुनी उंच टोपी समारंभपूर्वक घालण्याचा तेथील गावांचा रिवाज आहे.

हा रिवाज ऐकला तेव्हा मला प्रथम हेवा वाटला, आणि मग आपल्या मुलुखाची आठवण झाली. कारण दार लावून पाणी धरून ठेवण्याची ही इच्छा आमच्या खंबातच्या आखातास नवी नाही. त्याच्या माथ्याशी लोथल आहे. तेथे शिकारीपूर रंगनाथ राव यांनी १९५५ पासून उत्खनन केले आणि भाजक्या विटांनी बांधलेला एक आयताकृती हौद उघडकीस आणला. तो दोनशे मीटरांहून थोडा अधिक लांब आणि ३६-३७ मीटर रुंद आहे. राव यांच्या मते ती गोदी होती: भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत यावयाची, आणि दक्षिणेच्या भिंतीतील सांडीस लाकडी फळी घालून ओहोटीतही आत पाणी टिकवून ठेवावयाचे. काही विद्वान तो पिण्याच्या वा शेतीच्या पाण्याचा साठा होता असे म्हणतात आणि वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु त्या हौदाच्या काठावर मी उभा होतो तेव्हाचे चित्र सेंट कॅथरिन्सच्या सज्जावर माझ्या मनात जसेच्या तसे उभे राहिले. लांबी जवळजवळ तीच, आणि रुंदीने तर आमचाच हौद सरस. चार हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन भूमींवर बांधलेल्या या दोन हौदांपैकी एकात विटांवर गवत उगवले आहे आणि दुसऱ्यात नुकतेच एक जहाज वर आले आहे.

खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरजवळ दहा मीटरांहूनही अधिक होतो. ओहोटीस मैलोगणती चिखल उघडा पडतो. वेलँडच्या एका पायरीएवढी नव्हे तरी तिच्या पाऊण हिश्शाएवढी उंची तेथील समुद्र दिवसातून दोनदा स्वतःच चढतो आणि उतरतो. म्हणून भावनगरच्या नव्या बंदरात जहाजे तरंगती ठेवण्यासाठी दाराचा जलपाश बांधावा लागला. सयाजीराव महाराजांनी बडोदे राज्याचे बंदर १९२६ साली सुरू केले ते मात्र आखाताच्या बाहेर, ओखामंडळात, जेथे पाण्याची खोली नैसर्गिक आहे. बडोद्याच्या दरबारास वाचनालयांच्या व्यवस्थेसाठी अमेरिकेहून बोर्डनसारखा जाणकार आणण्याचे सुचले. जलविद्येचे शिक्षणही रयतेच्या डोळ्यांसमोर व्हावे, असे त्या दरबाराच्या मनात आले असते तर ते त्याच्या स्वभावास धरूनच झाले असते. कोकणात विजयदुर्गाजवळ, वाघोटण खाडीच्या काठी, आंग्र्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही आहे. तेथे जाणारा मनुष्य विरळा.

आणि मुंबई? मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर १८८० साली प्रिन्सेस गोदी झाली, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी झाली. या दोहोंत जहाजास भरतीच्या वेळीच आत-बाहेर करता येई. १९१४ साली खुली झालेल्या अलेक्झांड्रा गोदीस, जिला आज इंदिरा गोदी म्हणतात, प्रवेशद्वाराशी खराखुरा जलपाश दिला गेला: २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. त्यामुळे भरती असो वा ओहोटी, जहाज कोणत्याही वेळी आत येऊ लागले. म्हणजे वेलँडच्या आजच्या जलपाशापेक्षा अठरा वर्षे आधी, लांबीने जवळजवळ त्याच्या बरोबरीचा आणि रुंदीने त्याहून मोठा जलपाश मुंबईत चालू होता आणि आजही आहे. या गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीने समुद्र बुजवून बेलार्ड इस्टेट उभी राहिली; तेथील रस्त्यांवरून रोज चालणाऱ्या हजारो लोकांच्या पायांखाली ती माती आहे. तरीही त्यांपैकी कितीजणांनी ते दार उघडताना पाहिले आहे? गिरगावातल्या आणि माझगावातल्या पिढ्या जहाजाच्या भोंग्यावर घड्याळे लावीत आल्या. गोदीत राबणारे हात रत्नागिरीचे, सातारचे, नगरचे. परंतु त्यांच्या मुलांना बाप जेथे काम करतो ती जागा दिसली ती भिंतीच्या बाहेरूनच. गोदीची जी एक आठवण साऱ्या शहराच्या मनात घर करून आहे ती १४ एप्रिल १९४४ ची, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला त्या दुपारची. ज्या दिवशी सारे उद्ध्वस्त झाले तो दिवस लोकांस ठाऊक आहे. आणि ज्या हजारो दिवशी दार नियमाने उघडले, पाणी समान झाले, जहाज आत आले, ते दिवस कोणाच्याच स्मरणात नाहीत, कारण ते कोणास पाहावयास मिळालेच नाहीत.

जकातीचा माल, सुरक्षितता, अपघाताचे भय, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या हलक्या लेखण्याचा माझा हेतू नाही. त्या वेलँडवरही आहेत. तेथेही तारेचे कुंपण आहे, चौकीदार आहे, परक्या देशांचा माल आहे. तरी कुंपणाच्या अलीकडे एक जिना, वर एक कठडा, आणि आज कोणते जहाज येणार हे सांगणारी एक पाटी, एवढी जागा त्यांनी नागरिकांसाठी सोडली, आणि त्या जागेवर उभे राहून माझ्या सात वर्षांच्या नातवास पंपाविषयी प्रश्न पडला. हा प्रश्न आमच्या मुलांना पडावा यासाठी त्यांना समुद्रापार न्यावे लागू नये. भावनगर बडोद्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे; शाळांच्या सहली सोमनाथला जातात तशा त्या जलपाशावरही जाऊ शकतील. मुंबईत बेलार्ड पिअरच्या अंगास गोदीचे तोंड दिसेल असा एखादा सज्जा काढणे हे ज्यांनी समुद्र हटवून शहर वसविले त्यांच्या वारसांस अवघड नाही. मुंबईच्या वृत्तपत्रांत भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतातच. त्यांच्या खाली, त्या दिवशी गोदीच्या दारातून आत येणाऱ्या एका जहाजाचे नाव, ते कोठून आले आणि पोटात काय घेऊन आले, एवढे छापावयास अर्धी ओळ पुरेल.